पांढरं दिसतं ते सगळं कथील नव्हे

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी आणि इमिटेशन दागिने बनवणारे गाळे जिकडेतिकडे आहेत. मी त्यांतल्याच एका गाळ्यात रबरी साच्यांत व्हाइट मेटल ओतून पेंडंट, बकल, छोट्या मूर्ती काढतो. परदेशात जिला प्यूटर म्हणतात, ती मिश्रधातू चांगल्या प्रतीची असेल तर नव्वद टक्क्यांच्या वर कथील असते. कडकपणासाठी थोडं अँटिमनी आणि थोडं तांबं. आपल्या बाजारात मात्र ‘व्हाइट मेटल’ या एका नावावर शिसं, जस्त, कॅडमियम, काहीही खपतं.

एका व्यापाऱ्याने छातीठोकपणे कथील म्हणून लगडी दिल्या, भावही कथलाचाच लावला. ऑर्डर लहान मुलांच्या दागिन्यांची होती. गिऱ्हाइकाने नग तपासायला पाठवले, त्यात भरपूर शिसं निघालं आणि अख्खा माल परत आला. पैशांचं नुकसान भरून निघतं. पण तो माल खपला असता तर पोरांनी तोंडात घातला असता, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. शिशाची निर्धोक मात्रा अशी नसतेच. मुलांच्या मेंदूला ते कायमची इजा करतं. युरोपात दागिन्यात वजनाच्या ०.०५ टक्के शिसंही चालत नाही.

तेव्हापासून लगड आली की आधी पाण्यात तोलतो. डिजिटल काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करायचा. १०० ग्रॅमचा तुकडा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायचा, तळाला टेकू द्यायचा नाही. कथील असेल तर काटा १३.७ च्या आसपास थांबतो, निव्वळ शिसं असेल तर ८.८ वर. निम्मंनिम्मं असेल तर ११.३. भेसळ फार थोडी असली तर मात्र हा काटा ती पकडत नाही. कागदावर घासून पाहायची जुनी रीतही आहे: शिसं काळपट रेघ सोडतं. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ वाकवली की करकरते, अँटिमनी पडलं की तो आवाज दबतो.

जस्त या काट्याला चकवतं, कारण त्याचा आकडा १४ येतो. तिथे थर्मामीटर लागतो. कथील २३२ अंशांना वितळतं, जस्त ४१९ ला. शिवाय जस्ताचा ओतीव नग वाकत नाही, काडकन मोडतो आणि आत राखाडी दाणा दिसतो. असा एखादा तुकडा कढईत गेला तर रसावर जाड साय धरते, साच्यातली बारीक नक्षी भरत नाही आणि अख्खा घाणा वाया जातो. उलट १८३ अंशांनाच तुकड्याचे कोपरे ढिले पडू लागले, तर कथलात शिसं आहे असं बेलाशक समजा.

जुने इमिटेशन दागिने बंद गाळ्यात वितळवू नका. त्यांत कॅडमियम असू शकतं; त्याची वाफ फुप्फुसं जाळते आणि त्रास काही तासांनी जाणवतो. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात पावसाळा. ओलसर लगड रसात टाकली की वाफ होऊन रस तोंडावर उडतो, म्हणून ती आधी कढईच्या काठावर कडक तापवून घ्या.

या सगळ्या चाचण्या कच्चा माल निवडण्यापुरत्या आहेत. मुलांच्या अंगावर जाणारा नग असेल, तर भंगाराला हात न लावता तपासणीचा दाखला असलेलं कथीलच घ्या.