गावाची मोकळी जमीन : नागरिकशास्त्राचा एक पाठ
(इयत्ता पाचवी)

उद्देश – गावाची सामाईक जमीन कोणती, तिचे रक्षण कोणत्या कायद्याने होते व तिच्या निगेस पैसा कोठून येतो, हे विद्यार्थ्यांस कळावे.

साहित्य – गावनकाशा, गायरानाचा सातबारा उतारा.

प्रस्तावना – आरंभ मुलांच्या अनुभवापासून करावा. पोळ्याला बैल कोठे जमतात? जत्रा कोठे भरते? गुरे कोठे चरतात? उत्तरे फळ्यावर लिहावीत. या जागांचा धनी कोणी एक नसून सारा गाव आहे, हे मुलांच्या सहज ध्यानात येईल. परंतु जे सर्वांचे ते कोणाचेच नव्हे, अशा समजुतीनेच या जागांचा घात होतो. आज बांध सरकतो, उद्या कुंपण पडते, आणि एकदा गेलेले मैदान पुन्हा हाती येणे दुरापास्त होते.

विवेचन – (१) कायदा : महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गुरचरणासाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून अन्य कामी लावता येत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमान्वये मोकळ्या व कुरणाच्या जागा शासन ग्रामपंचायतीकडे सोपवू शकते. पंजाबातील एका गावतळ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने दि. २८ जानेवारी २०११ रोजी सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटविण्याची योजना करण्याचा आदेश सर्व राज्यांस दिला.

(२) अनुदान : पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिली. उरलेली ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चावयाची होती. पगार व आस्थापना मात्र वर्ज्य. घटनेच्या अकराव्या अनुसूचीतील २९ विषयांत सामाजिक वनीकरण, इंधन व चारा, सामूहिक मालमत्तेची निगा हे विषय आहेत. म्हणून गायरानातील झाडांसही या ४० टक्क्यांतून वाटा मिळू शकत होता. अट एवढीच की ते काम गावाच्या विकास आराखड्यात असावे. मागणीवाचून अनुदान नाही, आणि नोंदीवाचून मागणी नाही.

गणिताशी सांगड – एका गावास एक लाख रुपये मिळाले असे धरून मुलांकडून ६०,००० व ४०,००० हे भाग काढवावेत. त्या ४०,००० मध्ये दिवे, गटारे, रस्ते व झाडे यांची वाटणी गटागटांनी करावी. कोणत्या गटाने झाडांस काहीच ठेवले नाही, याची चर्चा घ्यावी.

सूचना – वर्गातील काहींची घरे गायरानावर असण्याचा संभव आहे. शासनाच्या आदेशाने भूमिहीन मजुरांस किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस दिलेल्या जागा, तसेच शाळा-दवाखान्यांच्या जागा, अपवाद म्हणून कायम करता येतील, असे त्याच निकालात म्हटले आहे. गरिबाची झोपडी व धनिकाचे कुंपण यांत भेद आहे. कोणाही मुलास आपण अपराधी आहो असे वाटेल असा शब्द शिक्षकांनी उच्चारू नये.

उपक्रम – नकाशा घेऊन शिवारफेरी काढावी. गायरानाच्या कडा पावलांनी मोजाव्यात, झाडे व पाणवठे मोजून नोंदवावेत. ही वही दरवर्षी पुढील वर्गाकडे द्यावी व तिची एक प्रत ग्रामपंचायतीस सादर करावी.

प्रश्न – १. गायरान कोणाचे? २. विकास आराखड्यात नसलेल्या कामास अनुदान का मिळत नाही? ३. आपल्या वहीतील यंदाची मोजणी गतवर्षीशी जुळते काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे येत राहिले, तर या पाठाचे सार्थक झाले असे समजावे.