दया थोडी, नेम फार

वाई

चि. मनूस,


परवा तुझा फोन मी मुद्दामच आटोपता घेतला. 'मामा, आणू का त्याला घरी?' या प्रश्नाला फोनवर हो-नाही म्हणून मोकळं होता येतं, पण पुढचं-मागचं बोलायचं राहून जातं. म्हणून हे पत्र.

तू सांगितलंस ते असं. खडकवासल्याच्या रस्त्याला कोणीतरी सोडून दिलेला पांढरा स्पिट्झ, वय बारा-तेराच्या घरात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दात किडलेले, हृदयात मर्मर, आणि रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं. संस्थेच्या पिंजऱ्यात तो नीट खात नाही, म्हणून त्यांना फॉस्टर घर हवंय.

माझं उत्तर 'आण' असंच आहे. पण नुसती दया आली म्हणून आणत असशील तर थोडी थांब. नोकरीची सगळी वर्षं मी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली, आणि निवृत्तीनंतर तुझी मामी नि मी अशीच म्हातारी कुत्री सांभाळत आलो. आजारी म्हाताऱ्या जनावराला दयेपेक्षा नेम जास्त मानवतो, हे माझं मत त्यातून बनलं आहे. दयेपोटी माणूस बिस्किट पुढे करतो, आज नको म्हणतोय म्हणून गोळी चुकवतो आणि वाईट दिवस दिसत असूनही डॉक्टरांना फोन करायचं टाळतो. नेमाने वागणाऱ्याच्या हातून हे होत नाही.

पहिलं काम कागदाचं. फॉस्टर म्हणजे कुत्रा संस्थेचा आणि घर तुझं. अशा मामल्यात तोंडी बोलण्यावर राहू नये. औषधांचा खर्च कोणाचा, डॉक्टर कोणते, रात्री दम लागला तर फोन कोणाला करायचा, शस्त्रक्रियेचा किंवा शेवटच्या इंजेक्शनचा निर्णय कोण घेणार, हे लिहून घे. दिवाळीला तू गावी आलीस तर तो कुठे राहील, हेही त्यातच ठरव. आणि स्वतःच्या मनाशी एक गोष्ट कबूल कर: पिल्लाला दत्तक घ्यायला दहा घरं पुढे येतात, तेरा वर्षांच्या आजारी कुत्र्याला बहुधा कोणी येत नाही. तात्पुरता म्हणून आणलेला हा पाहुणा शेवटपर्यंत तुझ्याकडेच राहण्याची शक्यता मोठी आहे. ते झेपणार असेल तरच हो म्हण. झेपणार नसेल तर आत्ता नाही म्हणण्यात कमीपणा काही नाही. महिन्याभराने परत पाठवलास तर त्याला दुसऱ्यांदा घर सुटेल.

तपासण्यांचे सगळे कागद माग. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे आणि जमल्यास हृदयाची सोनोग्राफी. क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे मूत्रपिंड थकलंय, ते वयामुळेच, असं धरून चालू नकोस. आपल्याकडे गोचीड बारमाही. गोचीड-तापात प्लेटलेट्स उतरतात आणि तो अंगात मुरला की मूत्रपिंडालाही धक्का लागतो. पावसाच्या साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोही मूत्रपिंडच धरतो. या दोन्हींवर औषध आहे, म्हणून त्या तपासण्या झाल्यात का ते विचार. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावंसं वाटलं तर औंधचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना जवळ आहे. मुंबईला परळचं बाई साकरबाई रुग्णालय आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं २०२४ मध्ये सुरू झालेलं रुग्णालय आहे.

त्याला सोडून देणाऱ्यावर तू फार चिडली होतीस. पाळलेल्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणं १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा चिडणं रास्त आहे. पण त्या घरात काय घडलं ते तुला-मला ठाऊक नाही. कित्येकदा म्हातारा मालक जातो आणि मागे राहिलेल्यांना कुत्रं नकोसं होतं. सोडणाऱ्याला शोधून तक्रार करायचं काम संस्थेवर सोड. त्या रागात गेलेला तुझा वेळ कुत्र्याच्या काही उपयोगी पडत नाही.

आता घर. आंधळ्या कुत्र्याला घर पायांनी आणि नाकाने पाठ करावं लागतं. पहिले काही दिवस एकच खोली दे. पाण्याचं भांडं, अंथरूण आणि दार यांच्या जागा ठरव नि त्या हलवू नकोस. आल्या आल्या अंघोळ घालू नकोस, मैत्रिणींना बघायला बोलावू नकोस. झोपेत असताना पाठीमागून हात लावू नकोस. दचकून चावला तर तो त्याचा दोष नाही. आधी जमिनीवर पाय आपट, मग नाकासमोर हात धर. टाइल्सवरून म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, तेव्हा त्याच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा गोणपाट टाक. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घे. या जातीची श्वासनलिका म्हातारपणी लेची होते, पट्टा ओढला की खोकल्याची उबळ येते. रात्री कोपऱ्यात तोंड करून उभा राहिला किंवा उगाच भुंकला तर रागावू नकोस. म्हातारपणी माणसासारखाच कुत्र्यालाही भ्रम होतो. एक मिणमिणता दिवा चालू ठेव आणि डॉक्टरांच्या कानावर घाल.

औषधांचं जरा लक्ष देऊन वाच. छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाच्या डाव्या बाजूची झडप झिजते, रक्त मागे गळतं, तोच मर्मरचा आवाज डॉक्टरांना नळीतून ऐकू येतो. गळती वाढली की फुफ्फुसात पाणी साठतं. ते काढायला लघवीची गोळी देतात. पण अंगातलं पाणी कमी झालं की दुबळ्या मूत्रपिंडावर ताण येतो आणि मग त्वचेखालून सलाईन द्यायची पाळी येते, ती हृदयाला जड जाते. हृदय आणि मूत्रपिंड हे एका विहिरीवरचे दोन भाऊबंद समज: एकाला पाणी उपसून हवं, दुसऱ्याला भरलेलं. त्यांची वाटणी करून देणं डॉक्टरांचं काम. तू तुझ्या मनाने अर्धी गोळी वाढवायची नाही की कमी करायची नाही. गोळीने लघवी फार होते म्हणून पाणी तर कधीच आखडायचं नाही.

डॉक्टरांना ही वाटणी करायला लागते ती माहिती तूच देऊ शकतेस. एक वही कर. तो गाढ झोपला असताना छाती वरखाली होणं म्हणजे एक श्वास, असे मिनिटभर मोज आणि लिही. ३० च्या आत असले तर ठीक. रोजच्यापेक्षा आकडा चढत जाऊन ३० च्या वर राहू लागला तर फुफ्फुसात पाणी भरायला लागल्याची ती पहिली खूण, बऱ्याचदा खोकल्याच्याही आधीची. त्याच दिवशी फोन कर. मान पुढे काढून, कोपरं फाकवून, बसून श्वास घेऊ लागला किंवा हिरड्या पांढऱ्या-निळ्या दिसल्या तर फोनवर बोलत बसू नकोस, गाडीत घाल आणि निघ. आठवड्यातून एकदा त्याला उचलून वजनकाट्यावर उभी राहा आणि त्यातून तुझं वजन वजा कर. पाणी मापाने ओत, म्हणजे किती प्यायला ते कळेल. खाणं, शी, उलटी, सगळं एका ओळीत मांड. 'दोन-चार दिवस जरा मलूल वाटतोय' यावर डॉक्टर काय करणार? वजन किती उतरलं आणि श्वास किती वाढले हे सांगितलंस तर त्यांना पुढचं पाऊल टाकता येतं.

माणसाची वेदनाशामकं घरातल्या कोणालाही त्याला देऊ देऊ नकोस. कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ डिग्री असतं. हाताला गरम लागलं की घरचे ताप समजतात आणि प्रेमाने पॅरासिटामॉल भरवतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही तर आणखी वाईट. ज्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली, ते आम्ही खात्यातले लोक विसरूच शकत नाही. ते टोचलेली गुरं मेली आणि गिधाडांनी खाल्ली की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. आभाळं रिकामी झाली त्याने. तुझ्या आजीच्या गुडघ्याचं मलम यातलंच असेल. ते लावल्यावर त्याला पाय चाटू देऊ नका.

खाण्यात तुझी खरी परीक्षा आहे, कारण दया सगळ्यात आधी ताटातून बाहेर पडते. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ती कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले. गोष्ट मोठी गोड आहे, पण तुझ्या या कुत्र्यामागे तूप घेऊन धावायचं नाही. म्हाताऱ्या स्वादुपिंडाला तेवढं तूपही भारी पडतं. कांदा-लसूण शिजवलेला असला तरी नको, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. द्राक्षं, बेदाणे, मनुका मूत्रपिंडावर येतात. फरसाण, पापड, खारी यांतलं मीठ हृदयाला नको. बिनसाखरेच्या च्युइंगगमातलं झायलिटॉल तर विषच. मूत्रपिंडासाठी डॉक्टर जे खाणं लिहून देतील ते जुन्या खाण्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदल. दिवसातून चारदा, थोडं थोडं, कोमट करून दे. कोमट अन्नाला वास सुटतो आणि डोळे गेलेला जीव वासावर जेवतो. दात दुखत असतील तर मऊ कर. दात काढायचा निर्णय मात्र हृदय तपासून, भूल झेपेल का ते बघूनच व्हावा. गोळीसाठी उकडलेल्या रताळ्याचे तीन घास कर, गोळी मधल्या घासात. तिसऱ्याचा वास आला की तो दुसरा चावत बसत नाही. हृदयाच्या काही गोळ्या रिकाम्या पोटी द्यायच्या असतात, तेवढं आधी विचारून घे.

सोसायटीत कुरबुर होईल. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. पण तो कागद पहिल्याच दिवशी नाचवू नकोस. लघवीची गोळी घेणारा कुत्रा लिफ्टमध्ये कधीतरी मुतणारच. पिशवीत फडकं आणि फिनेलची बाटली ठेव, स्वतः पूस आणि शेजारच्या काकूंना सांग की तो आजारी आहे. कायद्याने गप्प बसलेला शेजारी रात्री-अपरात्री गाडी काढून देत नाही, ओळखीचा झालेला देतो.

शेवटाबद्दल तू फोनवर काही विचारलं नाहीस, म्हणून मीच काढतो. त्याला मनापासून आवडणाऱ्या तीन गोष्टी पहिल्या महिन्यातच वहीच्या पहिल्या पानावर लिही. उन्हात पडणं असेल, गॅलरीतून वास घेणं असेल, संध्याकाळी दारात येणं असेल. त्यांतल्या दोन सुटल्या, वाईट दिवस चांगल्यांपेक्षा वाढले, तर डॉक्टरांशी बोल. आधी झोपेचं औषध आणि मग भुलेच्या औषधाचा मोठा डोस, असं ते करतात, त्यात त्याला यातना होत नाहीत. मध्यरात्री फुफ्फुसं भरून धडपडत जाण्यापेक्षा हे बरं. दोन दिवस आधी झालं असं वाटलं तरी चालेल, दोन दिवस उशिरा झालेलं सोसवत नाही. तुझी आई म्हणेल हे पाप आहे. तिच्याशी शास्त्रावर वाद घालू नकोस. वही तिच्या हातात दे आणि वाचायला सांग, ती शहाणी बाई आहे. निर्णय संस्थेचा असला तरी त्या वेळी तू जवळ राहा. तुझा वास ही त्याची खूण आहे. दहनाची सोय महापालिकेकडे कुठे आहे ते आधीच विचारून ठेव. त्या दिवशी फोन फिरवत बसायचं बळ उरत नाही.

त्यानंतर तुला वाटेल की आपण काही वाचवलं नाही. वाचवायला कोणी सांगितलंच नव्हतं. तेरा वर्षांच्या देहाला तू नवी झडप देऊ शकत नाहीस. ठरल्या वेळी जेवण, ठरल्या जागी पाणी आणि दुखलं तर ओळखणारं माणूस एवढं देऊ शकतेस, आणि पिंजऱ्यात त्याला तेवढंच मिळत नाहीये. ते सहा आठवडे मिळालं काय नि दोन वर्षं मिळालं काय, दिलेलं वाया जात नाही.

शनिवारच्या पहिल्या एस.टी.ने मी स्वारगेटला उतरतो. कुत्रा आणायला आपण दोघं जाऊ, संस्थेच्या माणसांशी मीही बोलेन. तोवर वही, वजनकाटा आणि हार्नेस एवढं आणून ठेव.

तुझा,
मामा

ता. क. मामीचा निरोप: आईला आत्ताच बजावून ठेव, प्रसादाचा पेढासुद्धा त्याला नाही म्हणजे नाही.