मन सावरण्याचा अभ्यास
मनावरील ताण अंगातील तापाइतकाच खरा असतो. तो लपविल्याने उतरत नाही. त्यावर घरीच करता येण्याजोगा एक अभ्यास आहे. ताठ, पण सैल बसावे. आत येणारा व बाहेर जाणारा श्वास केवळ पाहावा. तो बदलू नये. मन भरकटल्यास स्वतःला दोष न देता पुन्हा श्वासाकडे वळावे. उठलेल्या भावनेला नाव द्यावे : 'ही भीती', 'हा राग'. त्यामुळे भावना आणि कृती यांमध्ये विचाराला अवसर मिळतो.

परंतु झोप पंधरवडाभर उडाली अथवा जीव नकोसा वाटू लागला, तर केवळ श्वासावर विसंबू नये. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक तत्काळ फिरवावा. तेथे रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतूनही समुपदेशन मिळते.