योगाभ्यास आणि वारकरी

"आम्ही माळकरी माणसं. टाळ, एकादशी आणि वारी एवढंच आमचं साधन. आसन-प्राणायाम आम्हांला कशाला?" असे पुष्कळ जण विचारतात. उलट काही मंडळी पुस्तके वाचून नाक दाबून बसतात आणि नेमाचा हरिपाठ मागे पडतो. म्हणून योग आला कोठून आणि आपल्या संप्रदायाने त्याला कोणते स्थान दिले, हे पाहू.

योग शब्दाचा धातू 'युज्'. जोडणे हा एक अर्थ, चित्त स्थिर करणे हा दुसरा. कठोपनिषदात इंद्रिये स्थिर धरण्यालाच योग म्हटले आहे. पुढे पतंजलींनी आठ अंगे सांगितली : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. यात आसन तिसरे आहे, हे ध्यानात घ्यावे. त्याच्या अगोदर कुणाला दुखवू नये, खोटे बोलू नये, चोरी करू नये, संतोष बाळगावा, ईश्वराला शरण जावे, ही तयारी आहे. शेजाऱ्याचा बांध कोरणाऱ्याने शीर्षासन केले म्हणून तो योगी होत नाही. शिवाय ॐकाराचा जप आणि त्याच्या अर्थाचे चिंतन हेही पतंजलींनी साधनांत घेतले आहे. तेव्हा जप योगाला परका नाही.

आपल्या घरी योग आला तो नाथपंथातून. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव ही परंपरा माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी स्वतःच सांगितली आहे. शके १२१२ मधील या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे विस्ताराने वर्णन आहे. गीतेच्या मूळ श्लोकांत ते नाही. नाथांचे हे गुह्य माउलींनी मराठीत उघडे केले. परंतु त्याच माउलींनी बाराव्या अध्यायात हठयोग्यांचे कष्ट सांगून भक्तीची वाट सोपी ठरवली. खुद्द सहाव्या अध्यायाच्या अखेरीस भगवंतही योग्यांमध्ये श्रद्धेने भजणाराच श्रेष्ठ म्हणतात.

चांगदेवांची कथा हेच शिकवते. योगबळाने चौदाशे वर्षे जगले, वाघावर बसून आले, असे परंपरा सांगते. एवढे करूनही अहंकार गेला नव्हता. शेवटी लहानग्या मुक्ताईला त्यांनी गुरू केले. सिद्धी मिळाली, पण 'मी' तसाच राहिला, तर काय मिळवलं?

मग वारकऱ्याने योगातून काय घ्यावे? गीतेने सांगितलेला बेत घ्यावा : खाणे, फिरणे, काम, झोप आणि जागणे, सर्व बेताचे. फार खाणाऱ्याला योग नाही, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही नाही. एकादशीला साबुदाण्याची दुप्पट थाळी घेणाऱ्याने एवढे तरी ऐकावे! हरिपाठाला पाठ, मान, डोके सरळ ठेवून बसावे. पोक काढून बसले की श्वास आखडतो आणि डुलकी येते. भजनात चरण लांबवून म्हटला की श्वास सावकाश सुटतो आणि मनही निवते. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट नामाच्या तालावर चालताना पाय, श्वास आणि वाणी एका लयीत येतात.

वारीला निघण्यापूर्वी महिना-दोन महिने रोज थोडे चालावे. कंबर, गुडघे मोकळे करणारी सोपी आसने जाणत्याकडून शिकावी. नियमित अभ्यासाने कंबरदुखी आणि रक्तदाब कमी होण्यास मदत होते, असे आजचे वैद्यकही मानते. तथापि औषध आपल्या मनाने बंद करू नये. श्वास कोंडण्याचे प्रकार पुस्तक पाहून तर करूच नयेत.

मन चंचल आहे, अशी तक्रार अर्जुनानेही केली होती. देवाने उत्तर दिले, अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींचेही उत्तर तेच. आपला नेमाचा हरिपाठ हा अभ्यास आणि विठोबावाचून दुसरे न मागणे हे वैराग्य. देह हे साधन आहे, ते निरोगी ठेवावे. पण ते कशासाठी ठेवायचे, याचा विसर पडू देऊ नये.

॥ रामकृष्णहरि ॥