सायलीस, पद्धत ठरवण्याआधी

चि. सायली,


टीम लीड झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. फार आनंद झाला. पाठोपाठ तुझा मेसेज आला: ‘मावशी, स्क्रम घेऊ, कानबान घेऊ, की क्लायंट म्हणतो तसं वॉटरफॉल?’ फोनवर सांगितलं असतं तर तू हो हो म्हणून विसरली असतीस, म्हणून लिहिते आहे.

वॉटरफॉल जुनाट आणि अजाइल (म्हणजे स्क्रम, कानबान वगैरे) आधुनिक, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्येच पढवलेलं असतं. ज्या निबंधातून वॉटरफॉलचं चित्र जगभर गेलं, तो विन्स्टन रॉइस यांचा, १९७० सालचा. त्यांनी पायऱ्यापायऱ्यांचं ते चित्र काढलं आणि लगेच बजावलं, की हे असंच राबवाल तर फसाल. टेस्टिंग शेवटी येतं आणि तिथे काही बिनसलं की पार डिझाइनपर्यंत मागे यावं लागतं. काम अगदी नवं असेल तर ते दोनदा बांधा, असाही त्यांचा सल्ला होता. लोकांनी चित्र उचललं आणि इशारा तिथेच सोडला. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत युटातल्या स्नोबर्डला सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याचंही तेच झालं. तो जेमतेम पानभर आहे, मुळातून वाच. स्टोरी पॉइंट आणि जिराचा बोर्ड त्यात कुठे सापडतो का बघ.

तेव्हा नावावरून निवडू नकोस. आपण चुकलो हे किती उशिरा कळणार आणि तेव्हा निस्तरायला काय पडणार, ते आधी बघ. बॅरी बोहेम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००३ च्या पुस्तकात पाच गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत: टीमचा आकार, चूक झाल्यास होणारं नुकसान, गरजा बदलण्याचा वेग, माणसांची तयारी आणि संस्थेचा स्वभाव. मी त्यात सहावी घालते, ती म्हणजे करार. आपल्याकडे बऱ्याचदा पद्धत ठरते तीच मुळी करारावर सही होते त्या दिवशी. फिक्स्ड प्राइस, स्कोप परिशिष्टात बांधलेला, बदल हवा तर चेंज रिक्वेस्ट आणि तिच्यावर दोन्हीकडच्या कमर्शियल टीमची आठवडाभर घासाघीस. अशा कराराखाली स्प्रिंट चालवायचे म्हणजे पंधरा दिवसांनी डेमो दाखवायचा, क्लायंटने ‘हे असं नको होतं’ म्हणायचं आणि आपण परिशिष्ट उघडून दाखवायचं. त्यापेक्षा सरळ वॉटरफॉल केलेला बरा; निदान सगळ्यांना खरं माहीत असतं.

आता तुझं बँकेचं काम. माझ्या मते त्यात तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हींना एकच पद्धत लावायचा हट्ट धरू नये. कर्जाच्या अर्जाच्या नव्या स्क्रीन्स सतत बदलणार, त्यांना स्क्रम ठीक. पण तुमचा प्रॉडक्ट ओनर शिकागोत बसतो. तू सकाळी अकराला विचारलंस की तो झोपलेला. उत्तर हातात पडेपर्यंत दुसरी सकाळ. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये कामाचे दिवस मोजून दहा. एकेका स्टोरीमागे दोनदा असं अडकलं की संपलं. म्हणून तुमच्या संध्याकाळी तासभर भेटेल आणि जागच्या जागी हो-नाही सांगू शकेल असा माणूस क्लायंटकडून मागून घे. ‘टीमला विचारून कळवतो’ म्हणणारा चालणार नाही. तसा माणूस मिळत नसेल तर स्क्रमचा नाद सोड.

पैसे इकडून तिकडे जातात तो इंटरफेस मात्र कागदावर आधी पक्का कर. दोन बँकांमधला फाइल फॉरमॅट दर पंधरवड्याला बदलत नसतो. तिथे स्पेसिफिकेशन लिहून, सह्या घेऊन, मग कोडिंग. कुणी मागासलेली म्हटलं तर म्हणू दे.

राहिला जुन्या सिस्टिमचा मेंटेनन्स. तो स्प्रिंटमध्ये कोंबू नकोस, कारण प्रॉडक्शनचं तिकीट स्प्रिंट प्लॅनिंगची वाट बघत नाही. तिथे कानबान. २००४ च्या सुमारास डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने मायक्रोसॉफ्टच्या एका मेंटेनन्स टीमने हे केलं आणि काम करणारी मंडळी होती आपल्या हैदराबादची. त्यांचा बराच वेळ कामापेक्षा कामाचे अंदाज बांधण्यात जात होता. ते अंदाज बंद केले, एका वेळी हातात किती घ्यायचं याला मर्यादा घातली, आणि जिथे महिनोन् महिने लागत तिथे आठवड्यांत काम सुटू लागलं. माणसं फारशी वाढवावी लागली नाहीत. यातली मर्यादा घालणं हाच अवघड भाग, कारण मॅनेजरला रिकामा हात बघवत नाही.

आणि स्टँडअपची हजेरी होऊ देऊ नकोस. काल काय केलं, आज काय करणार, हे पोरं तुझ्याकडे बघून सांगायला लागली की समजायचं, बिघडलं. त्यांनी एकमेकांशी बोलायचं असतं आणि पंधरा मिनिटांत उठायचं असतं. पहिले काही दिवस तू मागे उभी राहा आणि गप्प बस. तुला ते जड जाईल, ठाऊक आहे.

सोमवारच्या मीटिंगआधी करारातलं चेंज रिक्वेस्टचं कलम वाचून काढ आणि त्या शिकागोच्या माणसाला खरोखर किती अधिकार आहेत ते विचार. मग रविवारी दुपारनंतर फोन कर, सकाळी मी बाहेर आहे.

तुझी,
मावशी