🥭 आंबा सल्ला : गुटी कलम करावं की कोय कलम?



बरेच सभासद विचारतात, "पेरू, लिंबू, डाळिंबाची गुटी जमते, मग हापूसची का नको?"

थोडक्यात उत्तर : *घरापुरती हौस म्हणून करा, बागेसाठी नको.*

*कारणं दोन :*
१) आंब्याच्या फांदीला मुळं फुटणं अवघड. जुन्या झाडावर तर जास्तच. बऱ्याचदा सालीला नुसती गाठ येते, मूळ येत नाही.
२) गुटीला सोटमूळ नसतं, मुळं वरच्या थरात पसरतात. निसर्ग (जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) वादळात चांगली मुरलेली झाडंसुद्धा आडवी झाली. गुटीचं झाड वाऱ्याला कितपत टिकेल? उन्हाळ्यात पाण्याचा ताणही त्यालाच आधी बसतो.

*तरी करायचीच असेल तर :*
▪️ जून-जुलैत, पेन्सिलीएवढी जाड, साधारण वर्षाची निरोगी फांदी निवडा.
▪️ अडीच ते तीन सेंमी रुंदीची साल गोल काढा. खालचा बुळबुळीत थर खरवडा, नाहीतर साल परत जुळते.
▪️ वरच्या कापावर मुळं फुटायचं संजीवक (आयबीए) लावा.
▪️ ओलं करून घट्ट पिळलेलं मॉस गुंडाळा, वर प्लॅस्टिक कागद, दोन्ही टोकं पक्की बांधा.
▪️ कागदातून भरपूर मुळं दिसल्याशिवाय कापू नका. नंतर पिशवीत लावून सावलीत ठेवा.

*बागेसाठी कोय कलम. तयारी आत्ताच :*
▪️ रायवळच्या कोयी उकिरड्यावर टाकू नका. ताज्या असतानाच रुजत घाला, सुकल्या की उगवत नाहीत.
▪️ ज्या झाडाचं फळ दरवर्षी चांगलं, त्याच्यावर खूण करा. त्याच्या ३-४ महिन्यांच्या काड्यांची पानं, देठ ठेवून, कलमाच्या ८-१० दिवस आधी कापा.
▪️ रोप १०-१५ दिवसांचं, पानं तांबूस असतानाच शेंडा कोयीच्या चार बोटं वर छाटा. मधोमध सुमारे ४ सेंमी चीर द्या, पाचरीसारखी तासलेली काडी बसवा, प्लॅस्टिक पट्टीने घट्ट बांधा.
▪️ जोडाखाली आलेले फुटवे काढत राहा.

घरचं जुनं झाड तोडावं लागणार असेल तर त्याचा वाण असाच वाचतो. हापूसची कोय लावून हापूस मिळेलच असं नाही. काडी मात्र आईसारखंच फळ देते.

⚠️ *रोपं विकत घेताना* बुंध्यावर जोडाची खूण बघा. खूण नसेल तर ते कलम नाही. गुटी किंवा कोयीचं रोप असणार. स्वस्त मिळालं तरी बागेत लावू नका. आंबा एकदा लावला की पुढची ४०-५० वर्षं ती जागा अडते.

शंका असेल तर जोडाचा किंवा काडीचा जवळून फोटो काढून ग्रुपवर टाका. 🌱