कुदळ ठेवली, बादली उचलली

न्हाणीच्या दारात मी उकिडवी बसले होते. पोटात काही उरलं नव्हतं, तरी उमासे थांबत नव्हते. तोंडाला सारखं पाणी सुटत होतं, छाती धडधडत होती, हात गार पडले होते. शेजारचे आप्पा रिक्षा घेऊन आले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काय हाताळलंत?" मी म्हटलं, "काही नाही हो. टोमॅटोवर औषध मारलं. पण घरगुती आहे ते, नैसर्गिक."

ते घरगुती औषध म्हणजे तंबाखूचं पाणी. आमच्या कागलपासून निपाणी जवळच, त्यामुळे तंबाखूचा चुरा मागितला की मिळतो. पाव किलो चुरा रात्रभर भिजवला, सकाळी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून उघड्या हातांनी पिळला आणि वाऱ्याकडे तोंड करून फवारला. निकोटीन कातडीतूनही अंगात भिनतं, हे मला त्या खाटेवर पडल्या पडल्या समजलं. ओल्या तंबाखूची पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ आणि चक्कर येते, तीही याचमुळे. संध्याकाळी घरी सोडलं. आप्पा म्हणाले, "किडा मरतोय म्हंजे त्यात काय तरी असंलच की, बाई. ते काय तुमास्नी वळखतंय व्हय?"

एवढ्यावर भागलं नाही. मावा मेला, पण त्याच्यावर जगणारे ढालकिडेही पानांखाली उताणे पडले. तीन आठवड्यांनी टोमॅटोच्या शेंड्याची पानं चट्ट्यापट्ट्यांची आणि आकसलेली दिसू लागली. तंबाखूचा मोझॅक रोग विषाणूचा असतो आणि तो टोमॅटो-मिरचीलाही होतो. वाळलेल्या तंबाखूतही तो टिकून राहतो आणि हातातून, अवजारांतून झाडावर जातो. माझ्या झाडांवर तो त्या पाण्यातूनच आला, अशी शपथ मी घेणार नाही. पण ज्यांच्या घरात तंबाखू मळली जाते, त्यांनी साबणाने हात धुतल्याशिवाय टोमॅटोच्या रोपाला हात लावू नये, हे आता मी सगळ्यांना सांगते. आमच्या भागात हे सांगणं फारसं कुणाला आवडत नाही.

खरं तर नैसर्गिक शेतीच्या या वाटेला मी लागले होते ते काहीही न करण्यासाठी. शाळेतून निवृत्त झाले, गुडघ्यांनी दगा दिला आणि अर्ध्या गुंठ्याचं परडं कुदळायला माणूस मिळेना. अशा वेळी कोल्हापूरकडं असणं फायद्याचं ठरलं. नांगरट सोडून पिकांची मुळं आणि बुडखे जागच्या जागी कुजू द्यायचे, हे प्रताप चिपळूणकरांनी इकडच्याच शेतात वर्षानुवर्षं करून दाखवलं. त्याआधी 'प्रयोग परिवार'वाले श्री. अ. दाभोळकर थोड्या जागेत, घरच्या पाल्यापाचोळ्यावर केवढं पिकवता येतं ते लोकांना शिकवत होते. मीही ठरवलं की आता कुदळ नको. तीन-तीन फुटांचे नऊ गादीवाफे एकदाच करून घेतले. त्यांवर चार बोटं शेणखत आणि त्यावर वीतभर उसाचं पाचट अंथरलं. वाफ्यावर पाय द्यायचा नाही. पीक संपलं की झाड उपटायचं नाही, जमिनीलगत कापून मूळ आतच ठेवायचं.

पहिलं वर्ष छान गेलं. पाचट बाजूला केलं की खालची माती चहाच्या पुडीसारखी रवाळ आणि मे महिन्यातही ओलसर असायची. गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या जागोजागी दिसायच्या. गांडुळं माती कशी उलथवतात यावर डार्विनने १८८१ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं होतं. माझ्या परड्यात तेच काम फुकट चाललं होतं. नांगर नाही, रोजगारी नाही. भेंडी, वांगी, घेवडा, चाकवत, घरापुरतं माळवं निघायचं.

पण हातांना चैन कुठे? कुदळ खाली ठेवली तसे ते बादलीकडे वळले. कुणी काही सुचवलं की मी दुसऱ्या दिवशी ते वाफ्यात घालायची. नैसर्गिक आहे ना, मग जास्त झालं तरी काय बिघडतं? दुसऱ्या वर्षातलं माझं बहुतेक नुकसान याच एका वाक्यामुळे झालं.

पहिला घोटाळा लाकडाच्या भुश्शाचा. वखारीतून दोन पोती आणली आणि पाचट सरकवून खुरप्याने मातीत कालवली. म्हणजे जे सोडलं म्हणत होते तेच केलं. पंधरा दिवसांत वांग्याची बुडाची पानं पिवळी पडली, नवी पानं बोटभर राहिली. भुसा म्हणजे जवळजवळ नुसता कर्ब. त्यात नत्राच्या शेकडो पट कर्ब असतो; चांगल्या कुजलेल्या शेणखतात वीस पटींच्या आसपास. भुसा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं आणि ते त्यांनी मातीतून उचललं. माझी वांगी उपाशी राहिली. हाच भुसा नुसता वर पसरला असता तर ही ओढाताण वरच्या थरापुरतीच राहिली असती, मुळांना झळ लागली नसती. भुईमुगाची पेंड दोन दिवस भिजवून, पातळ करून आठवड्याला दिली तेव्हा कुठे झाडं सावरली. तेव्हापासून कोरडं, तपकिरी, काडीकचऱ्याचं जे काही असेल ते वर, मातीत नाही. त्याच्या जोडीला गिरिपुष्पाचा किंवा शेवग्याचा हिरवा पाला.

राखेचं प्रकरण त्याहून बोचलं, कारण ती चूक मला ओळखताच आली नाही. गावाकडच्या गुऱ्हाळातून चिपाडाची राख मिळाली, दर महिन्याला दोन ओंजळी प्रत्येक वाफ्यात टाकली. तुळशीपासून घेवड्यापर्यंत सगळ्यांची शेंड्याकडची कोवळी पानं फिकट झाली. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळीधमक. मला वाटलं पुन्हा नत्र कमी पडलं, म्हणून आणखी पेंड घातली. आप्पांनी एकच पान उन्हात धरून बघितलं. "केवडा पडलाय. उसाला पडतोय तसा." खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्राकडे बघायचं आणि वरची कोवळी पडली तर लोहाकडे. हा साधा फरक मुलांना तीस वर्षं परिसर अभ्यास शिकवणाऱ्या मला ठाऊक नव्हता. माती तपासून घेतली तर सामू ८.१ निघाला. आमची काळी माती मुळातच चुनखडीची. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही आणि मी वर राख घालून ते आणखी बांधून ठेवलं होतं. राखेचे गुण मला ज्या मैत्रिणीने सांगितले होते ती सावंतवाडीची. तिच्या तांबड्या, आंबट मातीला राख मानवते. ती खोटं बोलली नव्हती, तिची माती वेगळी होती. राख, चुना, अंड्यांची टरफलं यांतलं काहीही घालण्याआधी एकदा माती तपासून घ्या. ओंजळीने घातलेली राख चिमटीने काढून घेता येत नाही.

शेणखत हे आणखी एक. ते पुरतं कुजलेलं हवं. हातात घेतलं की वास मातीचा यावा, शेणाचा नाही, आणि आत ऊब लागू नये. अर्धकच्च्या खतातून माझ्या दोन वाफ्यांत हुमणी आली. रोप सुकतं, ओढलं की हातात येतं आणि खाली मुळं नसतातच. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुनिंबा-बाभळीवर जमतात. त्याच दिवसांत फांद्या हलवून ते गोळा केले की पुढची बरीच भानगड टळते.

आता फवारण्या. मी त्या सोडल्या नाहीत, आवरल्या. निंबोळी अर्क माझा भरवशाचा, पण त्यातही हात पोळलेत. एका दुपारी बाराला, भांड्यांची पावडर मिसळून नीमतेल मारलं, तेही दुप्पट. दुसऱ्या दिवशी काकडीची पानं इस्त्री लागल्यासारखी करपली. नीट कृती अशी: उन्हाळ्याअखेर झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या धुऊन सावलीत वाळवायच्या, टरफल काढून आतला गर भरड कुटायचा. लिटरला पन्नास ग्रॅम भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी दोनदा गाळून लिटर पुरं करायचं. दोन ग्रॅम साधा साबण विरघळवून घालायचा. शेतीत याला पाच टक्के अर्क म्हणतात. मारायचा तो दिवस कलल्यावर, कारण यातलं मुख्य द्रव्य उन्हात लवकर निकामी होतं आणि संध्याकाळी मधमाश्याही परतलेल्या असतात. पानांच्या पाठीला लागला पाहिजे. आधी दोन पानांवर मारून दोन दिवस बघायचं. आणि सकाळी मेलेले किडे शोधायला जायचं नाही. निंबोळीने किडा पटकन मरत नाही. त्याचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं. हे माहीत नसल्यामुळे मी लागोपाठ तीन दिवस मारला होता.

दशपर्णीच्या, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. त्यात कण्हेर घालतात, रुई घालतात, दोन्ही विषारी. माझ्या परड्यात नातवंडं येता-जाता काकडी तोडून खातात. म्हणून मी कण्हेर घालत नाही आणि दशपर्णी कुठल्याच पालेभाजीवर मारत नाही. याने अर्क कमजोर होत असेल तर होवो. सरबताच्या बाटलीत काहीही भरून ठेवायचं नाही, हे तर सांगायलाच नको. पण माझ्याच घरात ते घडता घडता राहिलं, म्हणून सांगते.

शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या जीवामृताचंही तसंच. ते मुळाशी घालावं, कोथिंबिरीवर शिंपडू नये. शेणातले जंतू धुऊन पूर्ण जातीलच असं नाही. अमेरिकेतल्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीला टेकणारा खायचा भाग असेल तर कच्चं शेण घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जाऊ द्यावे लागतात. आपल्याकडे सकाळी जीवामृत आणि संध्याकाळी कोशिंबीर.

या वर्षी वांग्यावर मावा आला तेव्हा मी पंप माळ्यावरच ठेवला. शेंडे पाण्याच्या धारेने धुतले आणि रोज सकाळी चष्मा लावून एकाच झाडाची पाच पानं बघत राहिले. चार दिवस मावा वाढतच होता. आठव्या दिवशी ढालकिड्याच्या काळ्या-नारिंगी अळ्या दिसल्या, बारीक मगरींसारख्या. एक अळी माव्याला तोंडात धरून त्याचा रस शोषत होती. बघता बघता त्याचं नुसतं साल उरलं. आप्पा कुंपणावरून म्हणाले, "मारलं न्हाई अजून काय?" मी बोटाने अळी दाखवली. त्यांना अळीच पानं कुरतडणारी वाटली, चिरडायलाच निघाले होते.

शंखी गोगलगायीचं मात्र मला अजून जमलेलं नाही. पाचटाखालचा गारवा गांडुळांना आवडतो तसा त्यांनाही. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडकडं सोयाबीनची रोपं त्यांनी फस्त केली, तेव्हा बातम्या वाचून मी हळहळले होते. पुढच्याच पावसाळ्यात त्या माझ्या घेवड्यावर होत्या. आता जून-जुलैत रोपं लहान असेतो पाचट खोडापासून वीतभर मागे ओढते. खोडाला भिडलेल्या ओल्या पाचटाने बुडखा कुजतो, तेही त्यामुळे टळतं. संध्याकाळी वाफ्यांच्या कडेला ओली गोणपाटं टाकते, त्यांखाली पपईची पानं. रात्री नऊला हातमोजे घालून, बॅटरी आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन निघते. परवा त्रेचाळीस निघाल्या. काल एकोणतीस. आज पाऊस आहे, गोणपाटं टाकून आलेय.